गोदाकाठचा दगडी घाट गावाने दुरुस्त करायचा तर आधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठावर गावाचा जुना दगडी घाट आहे. चाळीस फूट रुंद, नऊ पायऱ्यांचा. पुरानंतर मधल्या चार पायऱ्या पुढे सरकल्या, चाळीसेक दगड हलले. मंडळाने वर्गणी गोळा करायला घेतली आहे. ठेकेदार म्हणतो, वरून सहा इंच काँक्रीट टाकून फरशी बसवतो, २०२७ च्या सिंहस्थाआधी काम हातावेगळं होईल. मंडळातल्या काहींना मात्र जुनं रूप ठेवायचं आहे, म्हणून चुन्यात काम कसं करायचं ते हवंय. शिवाय विसर्जनाचा ट्रॅक्टर वरच्या टप्प्यावर न्यायचा असेल तर आधी वजन टाकून ताकद तपासावी का, हेही विचारलंय.

चुना की सिमेंट हा वाद मागाहूनचा. आधी हे ठरवायला हवं की दगड हलले कशाने. ते न शोधता चुन्यात काम केलंत तरी दोन पावसाळ्यांनी तेच दगड पुन्हा पुढे येतील, फक्त या वेळी तुमचे पैसे घेऊन.

नाशिकमध्ये गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, गळ्याला लागलं, यावर पुराचं माप काढायची रीत आहे. घाटाच्या बाबतीत पाणी किती चढलं यापेक्षा ते किती झपाट्याने उतरलं याला जास्त महत्त्व. पूर चढताना पाणी पायऱ्यांच्या पुढे वाढतं तसं मागच्या भरावातही मुरतं, दोन्हीकडून दाब सारखा राहतो. मग वरून गंगापूर धरणाचा विसर्ग कमी होतो, तुमच्या खालच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे असतात, आणि पुढचं पाणी काही तासांत खाली जातं. भरावातलं पाणी मात्र आतच अडकलेलं असतं. आता दाब एकाच बाजूने, आतून बाहेर. घाट पूर येताना फारसा हलत नाही, उतरताना हलतो.

त्यात दगडाचं वजन पाण्यात कमी भरतं. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, नऊ इंच जाड अशी काळ्या पाषाणाची पायरी जमिनीवर साधारण सव्वादोनशे किलोची. पाण्यात बुडाली की तिचं वजन दीडशे किलोच्याही खाली येतं. दरजेतला, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यातला, चुना धुऊन गेला असेल तर अशा पायरीला मागून येणारा दाब पुरेसा होतो.

म्हणून सहा इंच काँक्रीटची सूचना मला पटत नाही. जुनेपणाची हौस हा त्यातला लहान भाग आहे, खरी अडचण पाण्याची. जुन्या घाटात पाणी दरजांमधून झिरपून बाहेर येतं. तुम्ही त्या सगळ्या वाटा वरून बुजवता, पण गावाकडून मागच्या भरावात शिरणारं पाणी तसंच राहतं. पुढच्या पुरात पाण्याला वाट न मिळाल्यामुळे काँक्रीट फुगून तडकतं किंवा खालच्या दगडांसकट एक अख्खा तुकडा पुढे सरकतो. सुटा दगड परत बसवता येतो. काँक्रीटला चिकटलेला दगड फोडल्याशिवाय निघत नाही. नाशिकला रामकुंडाच्या परिसरात कुंडांच्या तळाशी टाकलेलं काँक्रीट काढा म्हणून किती वर्षं मागणी चालली हे नाशिककरांना सांगायला नको. टाकणं चार दिवसांचं काम, काढणं जन्माचं.

आणि दुरुस्ती करणं म्हणजे जुन्याला हात लावणं, पाप करणं, असंही मानू नका. रामकुंड १६९६ सालचं, चित्रराव खटारकरांनी बांधलेलं. पुढे सत्तरेक वर्षांनी थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती करवली. घाट हे दुरुस्त होत होतच टिकतात. प्रश्न एवढाच, की नंतरच्या माणसाला पुन्हा उघडून दुरुस्त करता येईल असं काम तुम्ही करता की नाही.

तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. तीन गोष्टी बघा.

पहिली, घाटाच्या मागची बाजू. वरच्या काठापासून चार फूट मागे एक खड्डा घ्या, तीन फूट लांब-रुंद, तीन फूट खोल. त्याहून खोल नको, कडा ढासळते. आत काय निघतं ते बघा. मुरूम, डबर, चुन्याचा कोबा निघाला तर उत्तम. काळी माती निघाली तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. निफाडची काळी माती द्राक्षाला चांगली, घाटाच्या पाठीला वाईट: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दर वर्षी पायऱ्यांना थोडं थोडं पुढे ढकलते. मूळ बांधणाऱ्याने ती सहसा घातलेली नसते. नंतर कोणीतरी खड्डा बुजवताना घातलेली असते. खड्डा घेताना जवळपासची गटारंही तपासा. गल्लीचं सांडपाणी किंवा देवळाच्या ओट्याचं पाणी घाटामागे मुरत असेल तर पुराची वाट न बघताच घाट बारमाही ओला असतो. दुरुस्तीला आलेल्या घाटांत हे कारण वारंवार सापडतं, आणि ते स्वस्तात मिटतं.

दुसरी, पायथा. नदी सर्वांत खाली असेल तेव्हा शेवटच्या पायरीखाली बारा मिलिमीटरची सळई आडवी खुपसत जा, दर दोन फुटांवर. सहा-आठ इंचांत खणकन अडली तर पाया जागेवर आहे. दीड-दोन फूट सहज आत जात असेल तर खालची माती पाण्याने पोखरून नेली आहे आणि अख्खा घाट पोकळीवर टेकलाय. अशा वेळी वरच्या पायऱ्या बसवण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट पायऱ्या स्वतः. पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून प्रत्येक पायरीची पातळी घ्या आणि वहीत मांडा. पायरीला नदीकडे थोडा उतार हवा, सव्वा फुटाला पाव ते अर्धा इंच. उतार मागे, म्हणजे गावाकडे झाला असेल तर तिथे पाणी साचून आत मुरतंय. लहान हातोडीने प्रत्येक दगडावर ठोका: भरीव आवाज आणि बद्द आवाज यातला फरक पाच मिनिटांत कानाला कळतो. बद्द वाजणाऱ्या दगडाखाली जागा सुटलेली असते.

हे झाल्यावर कुठल्याही दगडाला हात लावण्याआधी नोंद करा. समोरून, वरून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो. आलेख कागदावर प्रत्येक दगड काढा आणि त्याला नंबर द्या. पाचव्या पायरीचा डावीकडून सातवा दगड म्हणजे ५-७. दगडावर नंबर खडूने, तोही मागच्या किंवा खालच्या अंगाला. ऑइलपेंटने नंबर टाकले की ते पुढची वीस वर्षं घाटावर दिसत राहतात. कुठे शिलालेख असेल तर तो घासू नका, त्यात रंग भरू नका. संध्याकाळी एका बाजूने बॅटरीचा तिरपा उजेड टाकून फोटो काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. नदीपात्र सरकारी असतं, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव करून जलसंपदा विभाग आणि तहसील दोन्हीकडे लेखी कळवा. घाट किंवा लगतचं देऊळ संरक्षित स्मारक आहे का, हे नाशिकच्या सरकारवाड्यातल्या पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात विचारा. असेल तर त्यांच्या देखरेखीशिवाय दगड हलवायचा नाही. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. तिच्या आत असलेल्या घाटाची आहे तशी दुरुस्ती ही एक गोष्ट, आणि नवा काँक्रीटचा ओटा किंवा भिंत ही वेगळी. दुसरी मागायला गेलात तर अडकाल. जलसंपदाकडूनच हिवाळी आणि उन्हाळी आवर्तनांच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या, तारखाही घ्या. पायथ्याचं काम अर्धं झालेलं असताना आवर्तन सुटलं तर सगळं वाहून जातं.

आता प्रत्यक्ष काम. क्रम खालून वर आणि मागून पुढे, ठेकेदार सांगेल त्याच्या बरोबर उलटा.

पायथा पोखरलेला असेल तर पोकळीत डबर आणि चुन्याचा माल ठासून भरायचा, आणि पुढे नदीच्या बाजूला मोठ्या दगडांचा बिछाना घालायचा. एक ते दीड फुटाचे दगड, तारेच्या जाळीत बांधलेले. पोखरण जितकी खोल जाऊ शकते त्याच्या दीडपट रुंदी धरतात. नदीने पुढची माती नेली की हा बिछाना वाकून त्या खड्ड्यात उतरतो आणि पायथा झाकलेला राहतो. म्हणून तो घट्ट काँक्रीटचा नको, वाकणारा हवा. एवढा एक भाग जलसंपदाच्या किंवा अनुभवी स्थापत्य अभियंत्याकडून आखून घ्या. बंधाऱ्याच्या फुगवट्यात, म्हणजे त्याने अडवलेल्या संथ पाण्यात, तुमचा घाट येतो की वाहत्या धारेत, यावर दगडाचा आकार ठरतो, आणि ते इथे बसून सांगता येत नाही.

मागे काळी माती निघाली तर हललेल्या पायऱ्यांमागची तेवढी काढून टाका. दगडाला लागून हातभर रुंदीचा थर गिट्टीचा, त्यामागे बारीक खडी, मग जाड वाळू, आणि त्यामागे मुरूम. मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने, पाणी मारून, धुमसाने ठोकत. एका दमात दोन फूट टाकून वरून ठोकलं तर वरचे चार इंच घट्ट होतात, खालचा तसाच पोकळ राहतो. खालून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या उभ्या दरजा मूळच्याच मोकळ्या सोडलेल्या दिसल्या तर त्या भरू नका, त्या पाण्यासाठीच आहेत. तशा नसतील तर चार-पाच फुटांवर एकेक उभी दरज मोकळी ठेवा.

दरजांत पिंपळ-उंबर असतातच. बोटाएवढं रोप भर पावसात ओल्या दरजेतून ओढलं की मुळासकट येतं. मनगटाएवढं झालं असेल तर ओढू नका. कापा, तो दगड उतरवा आणि मूळ आतून काढा. ॲसिड ओतायचा सल्ला हमखास मिळतो. ॲसिडने मूळ मरेल न मरेल, चुना नक्की विरघळतो.

जुन्या दुरुस्तीतलं सिमेंट दरजांत असेल तर ग्राइंडर दगडाच्या कडेला लावू नका. दरजेच्या मधोमध एक चीर पाडा आणि बाकीचं बारीक छिन्नीने आतल्या बाजूला पाडत काढा.

दगड उतरवायला तिवई आणि एक टनाची चेनपुली. पहारीने रेटून काढलेल्या दगडाची कड हटकून उडते. जेसीबी घाटावर चढवायचाच नाही, गाळ काढायलाही नाही. काही दगडांत लोखंडी पट्ट्या शिसं ओतून बसवलेल्या सापडतील. लोखंड गंजून फुगलं असेल तर त्यानेच दगड फुटलेला असतो. ती पट्टी काढून स्टेनलेस स्टीलची, ३१६ प्रतीची घाला, साध्या लोखंडाची नको. शिसं वितळवून ओतायचा हट्ट टाळा. खाचेत थेंबभर ओल राहिली तरी वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं.

फुटलेल्या पायरीऐवजी नवा दगड लागला तर काळा, घट्ट, बारीक कणांचा घ्या. खाणीत पांढऱ्या गाठी-ठिपके असलेला दगड स्वस्तात पडतो. ते स्फटिक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात शोभतात. पायरीत ते आधी निखळतात आणि मग तिथून दगड झिजत जातो. काळाराम मंदिरासाठी दगड रामशेजच्या डोंगरातून आणला होता, जवळचा कुठलाही चालवला नव्हता. तुम्ही निदान खाणीवर जाऊन दगड ओला करून बघा, ओल्या अंगावर ठिपके आणि चिरा लगेच दिसतात.

चुन्याबद्दल तुम्ही सर्वांत जास्त विचारलंय. कळीचा चुना घ्या, खड्यांच्या रूपातला, कटनीचा किंवा राजस्थानचा. दुकानात रंगकामासाठी मिळणारी पिशवीतली भुकटी नको, ती बहुधा हवेने मेलेली असते. परीक्षा सोपी: मूठभर खडे पाण्यात टाका, काही मिनिटांत पाणी उकळायला लागलं पाहिजे. विझवताना टाकीत आधी पाणी घ्या आणि त्यात थोडे थोडे खडे सोडा. खड्यांवर पाणी ओतलं तर ते फुटून उडतात. डोळ्यांवर चष्मा सक्तीचा, हातापायांना खोबरेल तेल, पोरंटोरं लांब. विझल्यावर बारीक जाळीतून गाळा आणि वर चार बोटं पाणी ठेवून निदान पंधरा दिवस, जमल्यास दोन महिने मुरू द्या. लोण्यासारखा झाला की तयार.

नुसता चुना आणि वाळू पाण्याखाली घट्ट होत नाही. त्याला सुरखी लागते. सुरखी म्हणजे मध्यम भाजलेल्या मातीच्या विटांची पूड. खंगर झालेल्या, काळ्यानिळ्या विटांची पूड नुसत्या वाळूसारखी वागते, चुन्याशी तिची गाठ बसत नाही. प्रमाण मापाने: एक भाग चुन्याचं लोणी, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली वाळू. वाळू नदीतून उपसू नका, ते बेकायदेशीर आहेच, शिवाय तिच्यात गाळ असतो. क्रश सँड धुऊन वापरा. माल चुना मळायच्या घाण्यात किंवा चाकाच्या मिक्सरमध्ये तासभर मळायचा, आणि वरून पाणी जवळजवळ घालायचंच नाही. नीट मळला की तो आपसूक सैल होतो. पाणी घालून सैल केलेला माल वाळताना आक्रसतो आणि दरजेच्या दोन्ही कडांनी केसाएवढी फट सोडतो. त्या दिवशी मळलेला माल त्याच दिवशी संपवा.

गूळ, हिरडा, बेलफळ यांबद्दल प्रत्येक गवंड्याचं स्वतःचं गणित असतं. थोडं गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातल्याने माल हाताला चांगला होतो. पण गूळ जास्त झाला तर माल घट्ट व्हायला उशीर लागतो आणि मुंग्या लागतात. पाण्याखाली घाट धरून ठेवतो तो सुरखीचा आणि चुन्याचा संबंध. गुळाच्या कढया उकळण्यात वेळ घालवून सुरखी मात्र कुठल्याही विटेची वापरायची, असं करू नका.

काम सुरू करण्याआधी मालाचे चार लाडू वळा. तीन दिवस ओल्या गोणपाटात ठेवा, मग आठवडाभर पाण्याच्या बादलीत. लाडू शाबूत राहिला, नखाने सहज ओरखडा पडत नसला तर माल चालेल. चिखल झाला तर सुरखी बदला.

मालाचा हिशोब: एका पायरीखाली पाऊण इंच थर, मागे आणि बाजूला तेवढाच, असं धरलं तर वाया जाणाऱ्यासकट दगडामागे पंधरा लिटर. चाळीस दगडांना सहाशे लिटर. त्यासाठी चारशे लिटर वाळू, दोनशे सुरखी, दोनशे लिटर चुन्याचं लोणी; बेरीज आठशे होते, पण चुना-सुरखी वाळूच्या फटींत बसते म्हणून मळलेला माल कमी भरतो. दोनशे लिटर लोण्याला कळीचा चुना साधारण सव्वाशे किलो. मागचं डबरकाम आणि पायथा धरून हे सगळं दुप्पट आणा. एक पाथरवट, एक गवंडी, चार मदतनीस आणि चेनपुली असेल तर दिवसाला तीन-चार दगड नीट बसतात. चाळीस दगडांना दोन आठवडे लागतात. ठेकेदाराने तीन दिवसांत करतो म्हटलं तर तो दगड उचलणारच नाही, जागच्या जागी दरजा लिंपेल.

बसवताना आधी दगड कोरडा ठेवून बघा, मग उचला, खालची जागा आणि दगड दोन्ही भिजवा, माल पसरा, दगड ठेवा, लाकडी मोगरीने ठोका. दगडाच्या चिपा, म्हणजे पाचरी, मारायच्या त्या मागून. पुढून मारलेली चीप दिसायला घट्ट दिसते, पण पहिल्या पुरात तीच आधी निघते आणि मग दगड डुगडुगतो. नंतर दोन आठवडे ओलं गोणपाट. काम डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत उरका. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत चुना हळू धरतो, म्हणून जानेवारीत रात्री गोणपाटावर कोरडी ताडपत्री टाका. जूनच्या पहिल्या पाण्याआधी मालाला निदान आठ आठवडे मिळाले पाहिजेत.

मंडळाच्या पोरांनी काय करावं? नोंदी, गाळ काढणं, सुरखी चाळणं, गोणपाटाला दिवसातून तीनदा पाणी मारायची पाळी. शेवटचं काम फोटोत येत नाही म्हणून तिथेच माणसं कमी पडतात, आणि दुरुस्ती फसते तीही तिथेच. दगड उचलणं आणि पायथा मात्र मजुरी देऊन जाणत्या माणसांकडून. देणगीदारांच्या नावाची पाटी वर मोकळ्या जागेत वेगळ्या खांबावर लावा, जुन्या दगडात भोकं पाडून नको.

राहिला ट्रॅक्टर. वजन टाकून तपासणी करू नका. इंग्लंडमध्ये क्लीव्हडन गावी समुद्रात शिरलेला एक लोखंडी धक्का आहे, १८६९ सालचा. १९७० मध्ये विम्यासाठी त्यावर पाण्याच्या टाक्या ठेवून भाराची चाचणी घेतली आणि त्या चाचणीतच त्याच्या दोन कमानी कोसळल्या. गावकऱ्यांनी न्यास करून, पैसे उभे करून तो परत बांधला. लोकांसाठी खुला व्हायला १९८९ उजाडलं आणि टोकाकडचा भाग पुरा व्हायला १९९८. तुमच्या घाटामागे पोकळी असेल तर ट्रॅक्टर ती दाखवेल खरी, पण घाटासकट. वरच्या काठापासून दहा फुटांवर दगडी खुंट रोवून वाहनं तिथेच थांबवा, पुढे मूर्ती हातावर न्या.

सध्या फक्त खड्डा घ्या आणि सळई खुपसून बघा. खड्ड्यात काय निघालं आणि सळई कुठे किती आत गेली ते इथे लिहा. पायथ्याला जाळी लागेल की नुसतं डबर भरून भागेल, ते त्यावरून सांगता येईल.